दुकान आवरण्याआधी भावाला फोन करा

पत्र थोडक्यात:

‘माझं वय ५२. वडील मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. मी सायकलवरून दवाखान्यांना कापूस-बँडेज पोचवत सुरुवात केली. आज सांगलीत सर्जिकल मालाचं होलसेल दुकान आहे, गोडाऊन आहे, विश्रामबागेत बंगला आहे. २०१९च्या महापुरात गोडाऊन बुडालं तेव्हा वाटलं, संपलो. पण पुढे कोरोनात इतका धंदा झाला की गेलेलं भरून निघून वर उरलं. आमच्या चर्चच्या मंडळीत मला एल्डर, म्हणजे कारभार पाहणारा वडील, केलं. सगळे म्हणायचे, प्रभूने आशीर्वाद दिला. आता हॉस्पिटलं परस्पर ऑनलाइन माल मागवतात, उधारी अडकली आहे, धंदा निम्म्यावर आलाय. त्यात चार महिन्यांपूर्वी, माझ्याबरोबरच धंद्यात पडलेला जिवलग मित्र रात्री झोपेतच गेला. त्याला माती देऊन आल्यापासून मन कशात लागत नाही. चर्चच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) त्या दिवशी बायबलमधल्या “व्यर्थ हो व्यर्थ, सर्व काही व्यर्थ” यावर उपदेश केला, तो डोक्यातून जात नाही. मला दुकान आवरायचं आहे आणि गोडाऊनची जागा विकून मंडळीला वडिलांच्या नावाने हॉल बांधून द्यायचा आहे. मुलगा २६ वर्षांचा. तो म्हणतो, बंगला तारण ठेवून ८० लाख काढू आणि मोठ्या कंपनीची एजन्सी घेऊ. बायको आम्हा दोघांवरही चिडली आहे. वडिलांचं मिरजेतलं घर माझ्या नावावर झालं, कारण त्यांच्या आजारपणाचा खर्च मी केला होता. त्यावरून धाकट्या भावाशी नऊ वर्षं बोलणं नाही, त्यामुळे घरात कुणाशी बोलावं असं माणूस उरलेलं नाही. जगातलं यश चार दिवसांचंच असेल, तर मुलाला त्यात का ढकलू? आणि एल्डरपद सोडू का?’

दादा, सप्रेम सलाम.

मित्राचं वाचून वाईट वाटलं. ज्याच्याबरोबर पहिला माल उधारीवर उचलला, ज्याला दुकानातली अडचण घरच्यांच्या आधी कळायची, असा माणूस गेला की आपण कुठून कुठे आलो हे पाहिलेलं दुसरं कुणी उरत नाही. चार महिने म्हणजे काही फार दिवस झाले नाहीत. कशात मन लागत नाही, यात तुमचं काही बिघडलंय असं समजू नका. मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांनाही दाखवा. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या आवारात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे स्मशानवैराग्य म्हणतात. लोक चेष्टेने म्हणतात, घरी येऊन अंघोळ केली की उतरतं म्हणून. मला त्याची चेष्टा करावीशी वाटत नाही. माणसाला एरवी न दिसणारं काहीतरी त्या वेळी खरंच दिसतं. पण दिसलं म्हणून लगेच खरेदीखतावर सही करायची नसते. ज्या मंडळ्या राखेचा बुधवार पाळतात, तिथे कपाळाला राख लावून सांगतात की तू माती आहेस आणि मातीला जाऊन मिळशील. दुसऱ्या दिवशी गुरुवारी तीच माणसं ड्युटीवर जातात, शाळेत शिकवतात, शटर उघडतात. त्यांनी ऐकलं नाही असं थोडंच आहे?

आता त्या वचनाकडे येते, कारण तुमच्या तिन्ही निर्णयांवर तुम्ही त्याचाच शिक्का मारला आहे. अंत्यविधीच्या उपदेशाला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, ऊन वाढलेलं असतं, लोक उभे असतात. पाळक बहुतेक वेळा पहिल्या अध्यायावर थांबतात आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण हे वचन बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकातलं आहे, आणि ते पुस्तक १२ अध्यायांचं आहे. एखाद्या रविवारी दुपारी ते सलग वाचून काढा, तासाभरात होतं.

दुसऱ्या अध्यायात हा माणूस आपली मिळकत मोजून दाखवतो. घरं बांधली, द्राक्षमळे लावले, झाडांना पाणी द्यायला तळी खोदली, गुरंढोरं, चांदी, सोनं. तासगाव-पलूसकडच्या बागायतदाराला हा अध्याय फोड करून सांगावा लागत नाही. बँकेचं कर्ज काढून, शेततळं खणून, मांडव उभारून वर्षभर जपलेली बाग एका अवकाळी पावसात कशी जाते, हे त्याने पाहिलेलं असतं. मग त्याच अध्यायात पुढे तो म्हणतो, हे सगळं माझ्यामागून येणाऱ्याच्या हाती जाणार, आणि तो शहाणा निघेल की मूर्ख, कुणास ठाऊक! दादा, हे वाचताना तुम्हाला मुलाचा चेहरा दिसेल. तुमचं जे दुखणं आहे ते शास्त्रात आधीच नोंदलेलं आहे, आणि नोंदणाऱ्याने ते लपवलेलं नाही.

पण तो तिथे थांबत नाही. चौथ्या अध्यायात एक एकटा माणूस येतो. त्याला ना मुलगा, ना भाऊ. कष्टाला अंत नाही, संपत्तीने डोळे भरत नाहीत, आणि मी हे कुणासाठी करतोय, असं तो स्वतःला कधी विचारतही नाही. लगेच पुढे येतं की एकापेक्षा दोघे बरे, एक पडला तर दुसरा त्याला उठवतो, पण एकटा पडला तर उठवायला कोण? हे तर तुमच्याच पत्रातलं वाक्य झालं. आणि अकराव्या अध्यायात, सगळं व्यर्थ म्हणणारा हाच माणूस सांगतो की सात जणांना वाटा दे, आठ जणांनाही दे, कारण पृथ्वीवर काय अरिष्ट येईल ते तुला माहीत नाही. सकाळी बी पेर, संध्याकाळीही हात आखडू नकोस. उद्याचा भरवसा नाही म्हणून दुकान बंद कर, असं त्याने कुठेच म्हटलेलं नाही. उद्याचा भरवसा नाही म्हणून आज ज्याचं त्याला दे आणि कामाला लाग, असा त्याचा रोख आहे. माझं सगळं उत्तर त्यातच आलं. पुढचा खुलासा आहे.

पत्रात तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे. धंदा वाढला तेव्हा आशीर्वाद, धंदा बसला तेव्हा डोळे उघडले. ही आपल्या मंडळ्यांतली जुनी खोड आहे. साक्षीच्या वेळी उभं राहून माणसं सांगतात, प्रभूने गाडी दिली, प्रभूने फ्लॅट दिला. फिक्स डिपॉझिट मोडून भावाच्या मुलांचं शिक्षण करणाऱ्या नर्सबाईंना साक्ष द्यायला कुणी उठवत नाही. हल्ली ‘इतकं पेराल तर इतकं पावेल’ असा हिशेब सांगणारे प्रचारकही गल्लोगल्ली झालेत. अशा ठिकाणी ज्याचा धंदा बसतो त्याच्या घरात लोक पाप शोधू लागतात. बायबलमधल्या ईयोबावर संकटं आली तेव्हा त्याच्या मित्रांनी तेच केलं होतं, आणि त्या पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला. तेव्हा हॉस्पिटलांनी ऑनलाइन ऑर्डर सुरू केली यात प्रभूचा कोप शोधू नका. तो बाजार आहे. तेवढ्याच प्रामाणिकपणे, २०२०-२१मधल्या नफ्यालाही आशीर्वाद म्हणण्याआधी थोडं थांबा.

त्या काळाबद्दल तुम्ही एका ओळीत उरकलं आहे. ते मला जरा खटकलं, म्हणून विचारते. केंद्र सरकारने मार्च २०२०मध्ये २०० मिलीच्या सॅनिटायझरला १०० रुपये आणि तीन पदरी मास्कला १० रुपये अशी मर्यादा घातली होती, ती उगाच नव्हे. बाजारात काय चाललं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. तुम्ही जास्त भाव लावलात असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. पण मन लागत नाही याचं एखादं मूळ तिथे असेल, तर ते तत्त्वज्ञानाने निघणार नाही. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने कसं काढलं पाहा. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. आणि एवढं करून त्याने जकातदाराचं काम सोडलं, असं लूकने आपल्या शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. त्याच्या आदल्याच अध्यायात एका श्रीमंत अधिकाऱ्याला येशू सगळं विकायला सांगतो. दोन श्रीमंत, दोन वेगळी उत्तरं. त्यामुळे ‘ख्रिस्ती माणसाने पैशाचं काय करावं’ याचं एकच छापील उत्तर कुणी तुमच्या हातात दिलं, तर नम्रपणे परत करा.

सगळं सोडणं चूकच, असंही मी म्हणणार नाही. सोडणारी माणसं आपल्या या भागाने पाहिली आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. वय साठीच्या जवळ आलेलं, प्रकृती ठीक नाही, संसार मोठा. दोन वर्षांनी ते गेलेच. पण त्यांना पुढे काहीतरी करायचं होतं, त्यासाठी त्यांनी मागचं सोडलं. तुमच्या पत्रात दुकान बंद केल्यावर सोमवारी सकाळी दहा वाजता तुम्ही काय करणार, याबद्दल एक अक्षर नाही. ते लिहून काढता आलं तर पुन्हा बोलू.

आता पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, भावाचं.

लूकच्या बाराव्या अध्यायातला मूर्ख धनवान तुम्हाला तोंडपाठ असेल. पीक उदंड आलं, तो म्हणाला, कोठारं मोडून मोठी बांधीन, जिवाला सांगेन खा, पी, मजा कर, आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला गेला. मित्राच्या बातमीनंतर हाच दाखला तुम्हाला बोचत असणार. पण येशूने तो कुणाला सांगितला? गर्दीतला एक जण ओरडला होता की गुरुजी, माझ्या भावाला वतनाचा वाटा मला द्यायला सांगा. म्हणजे या दाखल्याच्या उंबऱ्यावरच वाटणीचं भांडण उभं आहे. येशूने निवाडा करायचं नाकारलं आणि लोभापासून सांभाळा म्हणाला. कोण बरोबर होतं, हे शास्त्रात आलेलंच नाही. तुम्ही मात्र मला, आपण कसे बरोबर, हेच सांगायला बघताय, खर्च मी केला होता म्हणून.

कोठार भरण्यात पाप नव्हतं. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा धान्य साठवायला लावलं, आणि दुष्काळात त्यावर देश जगला, त्याला विकून टाकणारे त्याचे भाऊसुद्धा जगले. योसेफाची काय, त्या धनवानाची काय, दोघांचीही कोठारं भरलेलीच होती. धनवानाच्या बोलण्यात मात्र ‘मी’ आणि ‘माझं’ याशिवाय माणूस नाही. तो सल्लामसलतही स्वतःच्या जिवाशीच करतो. धान्य बाजारात जाईल, गड्यांना पोटभर मिळेल, शेजारी उपाशी असेल, काहीच त्याच्या डोक्यात येत नाही. तुमच्या पत्रातही, वाईट वाटून घेऊ नका, दुकानात काम करणाऱ्या माणसांचा उल्लेख एकदाही आलेला नाही. दुकान तुमचं असेल, पण आवरल्यावर घरी बसणार ते. मजुरांची अडकवलेली मजुरी ओरडते, असं बायबलमध्ये याकोब लिहितो. तेव्हा बंद करायचंच ठरलं तर पहिली यादी त्यांची करा. कुणाची किती वर्षं झाली, कुणाला काय देणं लागतं, कुणाला दुसरीकडे शब्द टाकून लावून देता येईल.

आणि हॉल. इथे मला थोडं कडक बोलावं लागणार आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात सरळ लिहिलंय, तू वेदीजवळ दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तुला आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान दे. त्याच्या मनात काही आहे का, एवढंच तिथे विचारलंय. चूक कोणाची, हे विचारलेलं नाही. वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लागेल, उद्‌घाटनाला बिशप येतील, आणि त्याच वडिलांचा धाकटा मुलगा त्या दिवशी गावात असून यायचा नाही. पाटीवरचं नाव तरी किती टिकतं? सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी आहे. रोज किती जण तिथे रिक्षातून उतरतात. हे एका माणसाचं नाव आहे, डॉ. विल्यम वानलेस १८८९मध्ये भारतात आले, १८९४मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं, वाडीला क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम निघालं, १९२८मध्ये सरकारने त्यांना ‘सर’ केलं, हे उतरणाऱ्यांपैकी कितीकांना ठाऊक असेल? मला त्यात दुःख वाटत नाही. रोगी बरे होऊन घरी गेले, तुमच्या वडिलांना पगार मिळाला, त्यावर तुम्ही शिकलात. नाव विसरलं गेलं म्हणून ते काही वाया गेलं नाही. पण नाव राहावं म्हणून जे बांधायचंय, ते जगातलं यशच आहे. फक्त त्याला मंडळीचा पत्ता आहे.

घराचं कायद्याच्या बाजूनेही बघा. ख्रिस्ती कुटुंबांना वारसाहक्कासाठी १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर तिसरा हिस्सा आईचा आणि उरलेला मुलांचा, सारखा. मुलगे-मुली असा भेद त्यात नाही. आईही मृत्युपत्राविना गेली असेल तर तिचा हिस्साही मुलांतच सारखा वाटला जातो. तुम्हाला बहीण आहे का, हे पत्रात नाही. असेल तर तीही वाटेकरी आहे, लग्नात दिलं-घेतलं ते वेगळं. घर तुमच्या नावावर कसं झालं, मृत्युपत्राने, बक्षीसपत्राने की भावा-बहिणीच्या हक्कसोडपत्राने, ते कागद घेऊन वकिलांना दाखवा. कागद पक्का असेल तर कायद्याने तुम्ही सुटाल. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातून नाही सुटणार. आजारपणाचा खर्च हिशेबात धरून मागायला तुम्हाला लाज वाटायचं कारण नाही, ते रास्त आहे. फक्त तो आकडा भावासमोर मांडा, नऊ वर्षं मनात फिरवू नका.

फोन कसा करायचा? ‘मला माफ कर’ने सुरुवात केली की समोरचा सावध होतो, काय विकायचंय म्हणून. मित्र गेल्याचं सांगा. तोही त्याला ओळखत असणार, लहानपणी तुमच्याबरोबर हिंडलेला असेल. मिरजेला येतो, घराचा विषय काढायचाय, तुझं म्हणणं ऐकायचंय, एवढं बोला आणि ठेवा. पहिल्या भेटीला पाळकांना किंवा मुलाला बरोबर नेऊ नका. तो फोन उचलणार नाही असंही होईल. मग पोस्टाने पत्र पाठवा. जुन्या माणसांच्या भांडणांत मी पाहिलंय, व्हॉट्सॲपवरच्या लांब मजकुराला माणूस वाद घालतो, हाताने लिहिलेलं पत्र मात्र कपाटात ठेवतो.

पुराचा विषय तुम्ही काढलात म्हणून सांगते. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी उतरल्यावर मी गणपती पेठेत गेले होते. एका दुकानासमोर बाज टाकून त्यावर उधारीच्या वह्या वाळत घातल्या होत्या. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरून नुसते निळे डाग. मालक पट्टीच्या टोकाने एकेक पान सोडवत होते, आणि सुटलेलं पान फाटत होतं. तेवढ्यात खेड्याकडचा एक गिऱ्हाईक आला, चपला चिखलात काढल्या आणि म्हणाला, ‘शेठ, माझ्याकडं अकरा हजार हायती, लिवून घ्या.’ लिहायला कोरडा कागद नव्हता. मालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं वरचं, पाण्याच्या रेघेच्या वर राहिलेलं पान फाडून त्याच्या पाठीवर लिहिलं. मला वाटतं त्या दोघांना ऐहिक गोष्टींच्या नश्वरतेवर उपदेशाची गरज नव्हती. थोड्या दिवसांनी दुकान उघडलं. तुम्हीही २०१९मध्ये गोडाऊनमधला चिखल काढलाच होतात की. त्या वेळी ‘व्यर्थ’ म्हणून बसला नाहीत.

मुलाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण तो अध्यात्माचा नाहीच. तुम्ही २६व्या वर्षी सायकलवर कापूस घेऊन निघाला होतात. तुम्हाला ५२व्या वर्षी जे कळलं, ते त्याला २६व्या वर्षीच कळावं ही अपेक्षा जरा जास्त होते. त्याला अडवायचं तर वचन वापरू नका, कॅल्क्युलेटर वापरा. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हेही येशूचंच बोलणं आहे. गेल्या वर्षातला सगळ्यात पडता महिना घ्या. त्या महिन्याच्या गल्ल्यात ८० लाखांचा हप्ता बसतो का? ती कंपनी डिपॉझिट किती मागते, न खपलेला माल परत घेते का, उद्या तीसुद्धा हॉस्पिटलांना थेट विकायला लागली तर? गोडाऊन पूररेषेच्या आत आहे का, मालाच्या विम्यात पूर धरलाय का? हे त्याने लेखी आणावं, सीएंसमोर बसावं. माझं मत विचाराल तर बंगला तारण ठेवू नका. त्याला लहान आकड्यावर सुरुवात करू द्या, तारणाशिवाय काय मिळतं ते बँकेत विचारू द्या, आणि एक-दोन वर्षं चुकायला जागा द्या. आधी अडकलेली उधारी वसूल करायचं काम त्याच्याकडे सोपवा. उधारीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, जुन्या बिलांच्या तारखा आजच तपासा. पोरगं धंद्याचं आहे की नाही, ते एजन्सीपेक्षा वसुलीत लवकर कळतं.

बायको दोघांवर का चिडली आहे, हे तुम्ही लिहिलं नाही, पण अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही. एक जण गोडाऊन विकायला निघालाय, दुसरा राहतं घर गहाण टाकायला, आणि त्या घरात राहणाऱ्या बाईला कुणी विचारलेलं नाही. आज रात्री टीव्ही बंद करून विचारा, आणि तिचं पूर्ण होईपर्यंत मध्ये वचन सांगू नका.

हे सदर वाचणारे बरेच जण ख्रिस्ती नाहीत, पण अशी पत्रं सगळ्यांचीच येतात. कुणाचा भागीदार गेलेला असतो, कुणी निवृत्त झाल्यावर एकदम सगळं वाटून टाकायला निघतं, कुणाला बायपासनंतर शेत विकावंसं वाटतं. त्यांनाही माझं हेच म्हणणं आहे की मोठ्या घावानंतर वर्षभर जमीन, घर, धंदा यांची विक्री किंवा मोठं दान करू नका. देणी मात्र लांबवू नका, ती याच काळात द्या. मन हळवं असतं तेव्हा हात सैल सुटतो, त्याचा उपयोग करून घ्या. आणि मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या नवरा-बायकोला साक्षीदार घेऊ नका. ख्रिस्ती वाचकांसाठी आणखी एक. धर्मादाय कामाला मृत्युपत्राने काही ठेवण्यावर जुन्या कायद्यात आपल्यालाच बंधनं होती. ते कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये रद्दबातल ठरवलं. म्हणजे हॉल आजच बांधला पाहिजे अशी घाई नाही. मृत्युपत्रात मंडळीसाठी एक रक्कम ठेवता येते, आणि पाटीची अट न घालताही ठेवता येते.

राहता राहिलं एल्डरपद. तडकाफडकी राजीनामा देऊ नका, त्याच्या नसत्या चर्चा होतात. मुदत संपेपर्यंत राहा, पुन्हा उभे राहू नका. तोवर व्यासपीठावरची खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या आणि मंडळीचे हिशेब तपासायला बसा. तुम्हाला जमाखर्च कळतो, आणि पावती फाडल्यापासून बँकेत भरणा होईपर्यंतचा पैसा नीट बघणारी माणसं कुठल्याच मंडळीत पुरेशी नसतात.